वीज गेली की कॅसेट अडकते

उत्तर कोरियात एके काळी दक्षिण कोरियाच्या मालिका चोरून पाहणाऱ्यांवर छापा घालण्याची ठरलेली रीत होती. आधी अख्ख्या इमारतीची वीज तोडायची, मग दारं ठोठवायची. वीज गेली की व्हीसीआरमधली कॅसेट आतच अडकते, काढून लपवता येत नाही. दक्षिणेत पळून आलेली माणसं हे पुन्हापुन्हा सांगतात.

त्याआधी सरकारला एवढं करावंच लागत नव्हतं. रेडिओची कळ सरकारी केंद्रावर सीलबंद केलेली असे आणि शिधाही सरकारच देई. १९९०च्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला, शिधा आटला, लाखो माणसं भुकेनं गेली. जगायचं म्हणून लोकांनी, त्यातही घरच्या बायकांनी, बाजार मांडले. त्यांना 'जांगमादांग' म्हणतात. यालू आणि तुमेन या नद्यांपलीकडून, चीनमधून, चोरट्या वाटेनं माल येऊ लागला आणि त्याच वाटेनं सोलच्या मालिकांच्या व्हीसीडीही आल्या. ही वाट भुकेनं उघडली. तिच्याकडे नुसती मालिकांची हौस म्हणून पाहणं मला अन्यायाचं वाटतं.

मग आला 'नोटेल'. चिनी बनावटीचा हा छोटा प्लेअर बॅटरीवर चालतो, त्याला डीव्हीडी चालते आणि यूएसबीही. लोकांनी त्यातून युक्ती काढली: खणात सरकारी चित्रपटाची डीव्हीडी ठेवायची, पाहायची मात्र यूएसबीवरची दक्षिणेची मालिका. दार वाजलं की यूएसबी उपसून खिशात. वीज तोडून आता काही हाती लागेना. २०१४च्या अखेरीस सरकारनं नोंदणीची अट घालून नोटेलला परवानगीच दिली.

लपवायची वस्तू लहान होत गेली, शिक्षा मात्र वाढत गेली. डिसेंबर २०२०मध्ये 'प्रतिगामी विचार आणि संस्कृती' नाकारणारा कायदा आला. बाहेर आलेल्या माहितीनुसार दक्षिणेच्या मालिका पाहणाऱ्याला १५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि त्या मोठ्या प्रमाणावर आणून वाटणाऱ्याला मृत्युदंडही होऊ शकतो.

जानेवारी २०२३मध्ये बोलण्यावरही कायदा झाला. 'ओप्पा' म्हणजे बहिणीनं थोरल्या भावाला मारायची हाक. दक्षिणेत मुली प्रियकरालाही तीच हाक मारतात आणि मालिकांतून ती उत्तरेतल्या तरुण पोरींच्या तोंडी बसली. सख्ख्या नात्याबाहेर ती आता गुन्हा आहे. २०२४मध्ये देशाबाहेर आणलेल्या एका उत्तर कोरियन फोनवर 'ओप्पा' टाइप केलं, की त्या जागी आपोआप 'कॉम्रेड' उमटत होतं.