सराफाच्या काट्यावरचे ब्रोच : नाशिकच्या जुन्या रत्नजडित ब्रोचसंग्रहामागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये जुने ब्रोच गोळा करणारी माणसे थोडी आहेत. पण जी आहेत ती चिकाटीची आहेत. त्यांचा शोध सहसा सराफ बाजारात सुरू होतो, देवळालीच्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवराआवरीत पुढे सरकतो आणि बरेचदा एका वाक्यापाशी अडतो : "होता हो आमच्याकडे, आईने मोडला." या नोंदीचा विषय खरे तर ते वाक्यच आहे. ब्रोच नाशिकला कसे आले हे थोडक्यात सांगता येते. ते गेले कुठे, हे सांगायला जास्त जागा लागते.

कापड पिनेने अडकवण्याची सोय युरोपात रोमन काळाच्याही आधीची. आपल्याकडे नेसायच्या वस्त्राला गाठ आणि खोचणे पुरत असे. रत्नांचा साज शिरपेच, कलगी, तुरा यांच्या रूपाने पगडीवर चढला. खांद्यावर ब्रोच लावायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मुंबईच्या पारशी घरांतली साडीची धाटणी बंगालातल्या एका नामवंत घराण्याच्या सुनेने उचलली, खांद्यावर ब्रोच लावला आणि ती पद्धत सुशिक्षित घरांत पसरली. मराठी घरांत पाचवारी आणि पोलके रुळले, तसा डाव्या खांद्यावरचा ब्रोच दिसू लागला. १९२० ते १९५० या काळातले लग्नाचे किंवा पदवीदानाचे फोटो पाहिले तर पदराच्या चुण्या धरून ठेवणारा मोत्याचा नाहीतर खड्यांचा ब्रोच हमखास सापडतो. मोर, वेल, कोयरी, नावाचे आद्याक्षर हे त्यातले ठरलेले घाट.

नाशिकला मात्र ब्रोचचा दुसरा एक झरा होता : देवळाली. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली आणि मुंबईला उतरणाऱ्या-चढणाऱ्या गोऱ्या पलटणींसाठी देवळालीची छावणी वाढत गेली. मायदेशी जाणाऱ्या बोटींची वाट पाहत शिपाई आणि अधिकारी तिथे महिनोन्‌महिने पडून असत. अधिकाऱ्यांची कुटुंबे, शरणपूरची मिशन वसाहत, हवापालटासाठी येणाऱ्या पारशी, बोहरी आणि खोजा मंडळींची आरोग्यधामे, या सगळ्यांबरोबर विलायती दागिना नाशिकच्या आसपास येत राहिला. १९४७ नंतर गोरे गेले. जाणाऱ्यांनी सगळेच काही सोबत नेले नाही.

म्हणून आज इथल्या संग्रहांत दोन घराणी वेगळी दिसतात. एक विलायती : ९ किंवा १५ कॅरेटचे, जांभळा ॲमेथिस्ट, पुष्कराज, गार्नेट, अर्धे मोती बसवलेले, शोकात घालायचे, जेट या कोळशासारख्या काळ्या दगडाचे, १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेतून हिरे येऊ लागल्यावर स्वस्त झालेल्या छोट्या हिऱ्यांचे तारे आणि चंद्रकोरी. दुसरे देशी : २२ कॅरेटच्या आसपासच्या सोन्यात माणिक, पाचू, बसरा (आखाती) मोती, कधी नवरत्न. दोन्हींच्या मधे विलायती गिऱ्हाइकासाठी हिंदुस्थानात घडलेले दागिने येतात. रंगीत काचेवर सोन्याचा पत्रा नक्षीने बसवलेले प्रतापगढचे थेवा काम, मद्रासचे देवदेवतांच्या मूर्तींचे 'स्वामी' काम आणि सोन्यात मढवलेल्या वाघनखांचे ब्रोच. या वाघनखांबद्दल पुढे एक गोष्ट सांगायची आहे.

विलायती ब्रोचचे वय ठरवायचे तर तो उलटा करायचा. पुढची बाजू फॅशनची असते आणि फॅशन पुन्हा पुन्हा येते. मागची बाजू सहसा खोटे बोलत नाही. समजा हातात लंबगोल ब्रोच आहे, मधे ॲमेथिस्ट, भोवती अर्ध्या मोत्यांची कड. मागे सुई ज्यात अडकते तो आकडा साधा, इंग्रजी 'सी'सारखा, कुलूप नसलेला. सुईचे टोक आकड्याच्या बाहेर पाव इंच डोकावते. मधोमध काचेचा छोटा कप्पा आहे, आत केसांची वेणी. कडेला '१५' हा अंक कोरलेला. एवढ्यावर बरेच सांगता येते. इंग्लंडात ९, १२ आणि १५ कॅरेटला कायद्याची मान्यता १८५४ मध्ये मिळाली, आणि १९३२ मध्ये १२ व १५ रद्द होऊन त्यांच्या जागी १४ कॅरेट आले. म्हणजे '१५' असलेला ब्रोच या ७८ वर्षांतलाच. साधा आकडा आणि लांब सुई त्याला एकोणिसाव्या शतकात ढकलतात. फिरते कुलूप असलेला आकडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर सर्रास झाला. केसांचा कप्पा शोकाच्या दागिन्यांच्या काळाकडे बोट दाखवतो. १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती वारल्यावर त्या दागिन्यांना मोठा जोर आला. आणि सुईच्या बुडाशी राखाडी, गुठळी झालेला डाग दिसला तर तो कुणा घाईच्या कारागिराने कथिल-शिशाने केलेली दुरुस्ती समजायची. असा डाग किंमत बरीच खाली आणतो, आणि तो काढताना सोनेही खराब होते.

खड्यांचीही अशीच साक्ष निघते. भट्टीत ज्योतीवर वितळवून केलेला माणिक १९०२ मध्ये जाहीर झाला आणि लगेच बाजारात पसरला. भिंगाखाली त्यात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा दिसतात. निसर्गातल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात. संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती १९२० च्या दशकात आले आणि आखाती मोत्याची मुंबईतली पेठ कोसळली. त्यामुळे 'खोटा खडा म्हणजे नवा दागिना' हे समीकरण चुकते. १९१० चा अस्सल जुना ब्रोच बनावट माणकाचा असू शकतो, आणि तो तेव्हा नवलाईची वस्तू म्हणून चढ्या भावाने विकलाही गेला असेल. (नाशिकच्या मातीतले खडे मात्र यात जवळपास नाहीत. पांडवलेण्यांच्या बाजूच्या खाणींतून निघालेली हिरवट अपोफिलाइटची स्फटिके जगभर मागणीत आहेत, सिन्नरच्या खनिज संग्रहालयात ती डोळे भरून पाहावीत. पण रोज अंगावर वागवायला ती फार मऊ.)

आता मोडीकडे, म्हणजे सोन्यासाठी दागिने मोडण्याकडे, वळू.

चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. परकीय चलन वाचावे, सोन्याची हाव कमी व्हावी, तस्करी थांबावी, हा हेतू. त्याच वर्षी पुढे सूट मिळाली ती अशी : गिऱ्हाइकाने आपला जुना जास्त शुद्धतेचा दागिना आणला तर कारागिराला त्याच सोन्यातून तेवढ्याच शुद्धतेचा नवा दागिना करून देता येईल. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण नियंत्रण राहिले. १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सराफाला परवाना, नोंदवह्या, तपासणी आणि कारागिराला जवळ बाळगायच्या सोन्याची मर्यादा यांच्याशी झुंजावे लागले.

या निर्णयावर संग्राहकांत आजही वाद आहे. एक बाजू म्हणते, जुन्या दागिन्यांचा घात याच नियमाने केला. दुसरी म्हणते, उलट १४ कॅरेटच्या भीतीने लोकांनी जुना ऐवज जपला. ब्रोच मारला तो स्वस्त सेफ्टी पिनेने आणि बदललेल्या आवडीने. दुसऱ्या बाजूत तथ्य आहे. सेफ्टी पिनेचे पेटंट १८४९ चे असले तरी घरोघरी पत्र्यावर टाचलेल्या डझनाच्या भावाने ती पुढे मिळू लागली, आणि पदर धरायला दागिन्याची गरज उरली नाही. फॅशनने ब्रोच पेटीत गेला हे मान्य.

पण पेटीतून आटणीच्या मुशीत तो कशाने गेला? इथे सप्टेंबर १९६३ ची ती सूट नीट वाचायला हवी. लग्न ठरलेल्या घराला २२ कॅरेटचे नवे मंगळसूत्र किंवा पाटल्या हव्यात, तर त्याचा कायदेशीर मार्ग एकच उरला : घरातले जुने २२ कॅरेटचे सोने मोडणे. मग मोडायला पहिले काय निघणार? रोजच्या वापरातल्या बांगड्या नाहीत, देव्हाऱ्यातल्या देवीची बोरमाळ नाही. निघाला तो वापरात नसलेला, पेटीत पडलेला ब्रोच. सवलत म्हणून आलेली तरतूद जुन्या घडणीवर बंदीपेक्षाही जड पडली, असे माझे ठाम मत आहे. नाशिकमध्ये आज पाहायला मिळणाऱ्या ब्रोचमध्ये विलायती ९ आणि १५ कॅरेटचेच जास्त का दिसतात आणि देशी २२ कॅरेटचे इतके विरळ का, याचा दुसरा पटेल असा खुलासा मला मिळालेला नाही. कमी शुद्धतेच्या सोन्याने विलायती ब्रोच वाचवला, कारण तो मोडून फारसे हाती लागत नव्हते.

दुःखाची गोष्ट अशी की १४ कॅरेट हे ब्रोचसाठी मुळात वाईट सोने नाही. २२ कॅरेटची सुई वाकते, तिला ताण राहत नाही. म्हणूनच देशी ब्रोचला पुष्कळदा हलक्या मिश्रधातूची सुई आणि बिजागरी जोडलेली दिसते. खडा पकडणारे बारीक दात तर कमी कॅरेटमध्येच टिकतात. पण त्या काळात कारागिरांच्या मदतीला जायला हवे होते, त्यांना नवा घाट, नवी जडण शिकवायला हवी होती. घडले ते उलटेच. हजारो सुवर्णकारांचा धंदा बसला, देशभरातून आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि पुष्कळ घरांतली पुढची पिढी पेढीऐवजी नोकरीकडे वळली. जडणीची कला एकदा घरातून गेली की परत येत नाही. आज सराफ बाजाराच्या माड्यांवर काम करणाऱ्यांत बंगाली कारागीर मोठ्या संख्येने आहेत, हात त्यांचा उत्तम आहे. पण जुन्या ब्रोचची सैल झालेली बिजागरी मूळच्या पद्धतीने बसवून देणारा शोधावा लागतो.

मोडीचा हिशेब आजही तसाच चालतो आणि संग्राहकाचे सगळे भांडण त्याच्याशी आहे. १० ग्रॅमचा, १५ कॅरेटचा ब्रोच काट्यावर ठेवला. खडे, लाख आणि सुई यांचे २ ग्रॅम वजा. उरले ८. त्यातले शुद्ध सोने ५ ग्रॅम. त्यावर घट धरायची. खडे गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत परत, तेही मागितले तर. सव्वाशे वर्षांची घडण, हाताने घासलेला पैलू, बसरा मोती, यांपैकी काहीच त्या पावतीवर येत नाही. यात सराफाला लबाड म्हणायचे कारण नाही; तो सोने विकत घेतो आणि सोन्याचे दाम देतो. चूक घडते ती ब्रोच फक्त सोने म्हणून काट्यावर ठेवला जातो तेव्हा. त्यातून सराफ बाजार गोदाकाठचा सखल. १९६९, २००८ आणि २०१६ च्या पुरांनी इथल्या दुकानांत पाणी आणि गाळ घातला. जुन्या वह्या, नमुन्यांचे कागद, साचे असले काही राहिले असेल तर ते या पाण्यातून वाचलेले.

१९९० नंतर नियंत्रण गेले आणि सोने मोकळे झाले. 'अँटिक' हा शब्द बाजारात आला तो काळपट झिलईच्या नव्या दागिन्याला चिकटून, त्यामुळे आज दुकानात अँटिक ब्रोच मागितला तर गेल्या महिन्यात घडलेला समोर येतो. कायद्याची व्याख्या स्वच्छ आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार, जो १९७६ पासून लागू झाला, किमान १०० वर्षे जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडते. घरात ठेवायला, वापरायला अडचण नाही. पण ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायचा तर परवाना लागतो. ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. १९२० च्या सुमाराचे भूमितीय घाटाचे ब्रोच, जे जुने संग्राहक कालपरवापर्यंत 'विंटेज'मध्ये धरत, ते आता तिच्या पलीकडे जाऊ लागले आहेत. परदेशातल्या मुलीला आजीचा ब्रोच पाठवू पाहणाऱ्यांनी आधी त्याचे वय तपासावे.

आणि वाघनखे. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आज वाघाच्या कोणत्याही अवयवाचा व्यापार गुन्हा आहे. ब्रोच १८८० चा आहे, सोने अस्सल आहे, ही सबब चालत नाही. हस्तिदंताचेही तसेच. असा ब्रोच कुणी विकायला काढला तर घेऊ नये, आणि वारशाने आला असेल तर वनखात्याशी बोलून त्याच्या मालकीची कागदपत्रे पाहावीत.

ताजी अडचण हॉलमार्कची, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्याची, आहे. जून २०२१ मध्ये सुरुवातीला देशातल्या २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांच्या विक्रीसाठी तो सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांकाशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने हा चांगलाच निर्णय. कुंदन, पोलकी आणि जडाऊ यांना त्यात सूट आहे. पण मान्य शुद्धतेच्या यादीत १४, १८, २०, २२, २३, २४ आणि आता ९ कॅरेट आहे, १५ नाही. टंच काढायच्या, म्हणजे शुद्धता मोजायच्या, यंत्रात ब्रोच ठेवला की ते पृष्ठभाग वाचते, त्यात मुलामा असेल तर आकडा वर जातो आणि कथिलाचा डाग असेल तर खाली. १८५४ ते १९३२ मधला '१५' कोरलेला ब्रोच सराफाला हॉलमार्क करून विकायचा झाला तर तो १४ मध्ये बसवावा लागतो, आणि नवा शिक्का मारायला सगळ्यात सपाट जागा मिळते ती बरेचदा जुन्या अंकाच्या शेजारीच. शिक्का मारून घेण्याआधी मागच्या बाजूचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि जुन्या खुणेला हात लावू नये असे पेढीवर स्पष्ट सांगावे.