अमूर्त जलरंगचित्र : रेषा, रंग व आकार यांचा आस्वाद

अमूर्त जलरंगचित्रात ओळखीची वस्तू नसते. रेषा, रंग आणि आकार यांचे नाते हाच चित्राचा विषय असतो. जलरंगात ही तिन्ही अंगे पाण्यामुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि तो गुंता रंगाच्या कडेशी सर्वांत स्पष्ट दिसतो. म्हणून पाहायला सुरुवात कडेपासून करावी.

कोरड्या कागदावर लावलेल्या रंगाची कड धारदार येते. वाळताना कडेचे पाणी आधी उडते, आतले पाणी तिकडे सरकते आणि रंगकण तिथे साचतात. त्यातून उमटणारी गडद किनार कोणी काढलेली नसते, तरी डोळा तिला रेषा म्हणूनच वाचतो. ओल्या कागदावर तोच रंग पसरतो आणि आकाराची सीमा विरघळते. अर्धवट वाळलेल्या थराला पाण्याने भरलेला ब्रश टेकला, तर रंगकण बाहेर ढकलले जाऊन फुलकोबीसारखा दातेरी डाग पडतो. निसर्गचित्राच्या नितळ आकाशात तो खटकतो; अमूर्त चित्रात तोच आकार ठरू शकतो, मात्र इतरत्र त्याला साथ देणारे काही हवे. एकटा पडलेला डाग अपघातच वाटतो.

दोन निळे रंग सारखेच गडद असूनही वेगळे भासतात. अल्ट्रामरीन या निळ्याचे कण खडबडीत कागदाच्या खाचांत बसून दाणेदार पोत देतात, तर थॅलो निळा तंतूंत मुरून सपाट राहतो आणि नंतर सहसा पुसला जात नाही. पारदर्शक थरांतून कागदाचा पांढरा परत येतो, तोच या माध्यमाचा उजेड. खालचा थर ओला असताना वर ब्रश घासला किंवा विरोधी रंगांचे थर चढवत गेले, तर हा उजेड मरतो आणि रंग गढूळ होतो. कोरा सोडलेला कागदही आकारच असतो. नवा प्रेक्षक नेमका तो पाहायचा विसरतो.

रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्कीचे ‘पहिले अमूर्त जलरंगचित्र’ पॅरिसच्या पाँपिदू केंद्र या कलासंस्थेच्या संग्रहात आहे. त्यावर १९१० साल लिहिलेले असले, तरी अनेक अभ्यासक ते १९१३चे मानतात. त्यात शाईच्या रेषा रंगाच्या डागांना कुंपण घालत नाहीत; त्या स्वतंत्र धावतात, कुठे डागावरून, कुठे त्याला बगल देऊन. स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्लेने १९१४च्या ट्युनिशिया प्रवासातील जलरंगांत उलट वाट धरली : रंगांचे चौकोन शेजारी ठेवले आणि रेषेचे काम त्यांच्या सांध्यांवर सोपवले. क्लेचा प्रभाव पुढे मुंबईत अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या कामावरही पडला.

चित्र आधी दोन-तीन मीटरवरून, डोळे किलकिले करून पाहावे. छटा मिटतात आणि गडद-उजळ आकारांचा तोल उरतो. मग हातभर अंतरावर येऊन कडा व पोत पाहावा. संग्रहालये जलरंगांवर साधारण ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) एवढाच मंद उजेड ठेवतात, त्यामुळे डोळे सरावायला काही मिनिटे द्यावीत. जुन्या चित्रात अ‍ॅलिझरिन क्रिमसनसारखा लाल उडालेला असू शकतो. अशा वेळी निळ्याचे वर्चस्व चित्रकाराने योजले होते असे लगेच धरू नये.