डिस्को दिवाने (गीतसंच) : कोल्हापूरच्या संदर्भात

डिस्को दिवाने : कराचीत जन्मलेली नाझिया हसन (३ एप्रिल १९६५ – १३ ऑगस्ट २०००) आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब हसन या जोडीचा पहिला गीतसंच (अल्बम). १९८१ साली तो निघाला. भारतात एचएमव्ही या ध्वनिमुद्रिका कंपनीने आणला. निर्मिती बिद्दू यांची. भाषा हिंदी-उर्दू, बाज डिस्कोचा, आणि एकही गाणे कुठल्या चित्रपटासाठी केलेले नाही. ही गाणी एकदा ऐकली की दिवसभर तोंडात का राहतात, आणि गाण्याच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या कोल्हापुरात त्यांना जागा कशी मिळाली, याचा विचार या नोंदीत केला आहे.

संचाच्या आधी एक गाणे येऊन गेले होते. फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे होते, पण त्यातले ‘आप जैसा कोई’ हे एक गाणे बिद्दूंनी केले. शब्द इंदीवर यांचे. बिद्दू मूळचे बंगळूरचे. लंडनला जाऊन त्यांनी कार्ल डग्लसच्या ‘कुंग फू फायटिंग’ची (१९७४) निर्मिती केली होती आणि ते गाणे जगभर गाजले होते. ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले. नाझिया तेव्हा शाळकरी वयाची होती. या गाण्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. लोकांनी आवाज ओळखून ठेवला, त्यामुळे पुढच्या वर्षी हा संच आला तेव्हा नाव नव्याने सांगावे लागले नाही.

कोल्हापूरचा कान कशावर तयार झाला होता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. शाहू महाराजांनी थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणले आणि जयपूर-अत्रौली गायकीची मुळे या शहरात रुजली. देवल क्लबच्या मैफली, केशवराव भोसल्यांच्या नावाच्या नाट्यगृहातली नाट्यपदे, जयप्रभा स्टुडिओतून निघणारे मराठी चित्रपट आणि त्यांतल्या लावण्या, ही इथली रोजची शिदोरी. लता मंगेशकर उमेदवारीच्या काळात मास्टर विनायकांच्या कंपनीत असताना याच गावात राहिल्या. पुढे भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ला (१९६५) त्यांनीच ‘आनंदघन’ या नावाने चाली दिल्या. बाईच्या गाण्याचा आवाज कसा असावा, याचे माप इथे त्यांनी घालून दिले होते: उंच पट्टी, निर्मळ सूर, हरकत (सुरांची छोटी गिरकी) जागच्या जागी.

नाझियाचा आवाज त्या मापात कुठेच बसत नाही. पट्टी खालची, सूर किंचित नाकातला, आणि गाणे बोलण्याच्या अगदी जवळ. ती हरकत घेत नाही, मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणे) घेत नाही; ओळ सरळ म्हणते आणि सोडते. शिकवलेल्या गळ्याची सवय असलेल्या माणसाला आधी हे कच्चे वाटते. पण प्रस्तुत नोंदकाराच्या मते या संचाची खरी ओढ इथेच आहे. लताबाईंचे गाणे ऐकावे आणि गप्प बसावे. त्यांच्यामागून म्हणायला गेले की आपली उणीव आपल्यालाच कळते. नाझियाच्या गाण्यात मात्र ऐकणाऱ्याला शिरता येते. शाळेतली मुलगी, गॅरेजमधला पोरगा, ज्याला सूर लागत नाही असा कोणीही ते पहिल्या दमात म्हणू शकतो. बिद्दूंनी हा साधेपणा झाकला नाही. ‘आप जैसा कोई’त त्यांनी तोच आवाज पुन्हा घेऊन स्वतःवरच बसवला होता. त्यामुळे गळा पातळ असूनही भरीव वाटतो आणि एकटी मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यासारखी ऐकू येते.

शीर्षकगीत जरा बारकाईने ऐकण्यासारखे आहे. खाली ढोलाचा ठोका मात्रेगणिक सारखा पडत राहतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधावी लागत नाही, कारण प्रत्येक ठोक्यावर पाय ठेवता येतो. त्यावर बेस गिटारचा छोटा फेरा पुन्हा पुन्हा येतो. मग मुखडा: दोन शब्द, आणि लगेच त्यांना उत्तर देणारा ‘आहा’. हा ‘आहा’ म्हणजे गाण्यातली सर्वांत हुशारीची जागा. शब्द न समजणाऱ्यालाही तो म्हणता येतो आणि तो कधी येणार हे दुसऱ्याच वेळी कळलेले असते. तमाशात मागून ओळ उचलून धरणाऱ्या झीलकऱ्यांचे काम याहून वेगळे नाही. मुखड्यातच गाणे जिंकायचे, ही रीत कोल्हापूरला ठाऊक होतीच. इथलेच जगदीश खेबुडकर यांनी ‘पिंजरा’साठी (१९७२) लिहिलेल्या लावण्या लोकांनी अशाच पहिल्या ओळीवर उचलल्या होत्या.

जोडी बहीणभावाची असल्यानेही फरक पडतो. हिंदी चित्रपटातल्या युगुलगीतात नायक विचारतो, नायिका लाजते, आणि डोळ्यांसमोर बाग येते. इथे तसे चित्र उभे राहत नाही. दोघे एकाच वयाच्या आसपासचे, दोघांचा गळा न घडवलेला आणि उच्चारही एकाच घरचे. ‘डिस्को’ या शब्दाकडे घरची वडील माणसे संशयाने पाहत, त्या काळात कव्हरवर भाऊ-बहीण असणे ही छोटी गोष्ट नव्हती.

संच सगळा नाचाचाच आहे, हा समज मात्र बरोबर नाही. ‘लेकिन मेरा दिल’ संथ आहे, उदास आहे. ठेक्याची गाणी ऐकून झाल्यावर हेच मनात घर करते.

गाणी कोल्हापुरात पोचली ती मुख्यतः कॅसेटवरून. रेडिओवर बिनाका गीतमाला होती, पण ती चित्रपटगीतांची. एलपी (मोठी तबकडी) विकत घेणे आणि त्यासाठी रेकॉर्ड प्लेअर बाळगणे थोड्यांनाच परवडे. त्यामुळे ‘कॅसेट भरून घेणे’ ही त्या दशकाची रीत होती. दुकानात जायचे, कोरी कॅसेट द्यायची, हवी ती गाणी कागदावर लिहून द्यायची आणि दोन-चार दिवसांनी न्यायला यायचे. सी-९० कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. एका एलपीच्या दोन्ही बाजू सहसा तेवढ्यात मावत. दुसऱ्या बाजूला मग आवडीचे काहीही, अगदी भावगीते किंवा भजनेसुद्धा. भरलेली कॅसेट चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे चौकोन स्क्रू ड्रायव्हरने मोडत. नंतर पुन्हा भरायची वेळ आली की त्याच भोकांवर चिकटपट्टी लावत. प्रतीवरून प्रत निघे, तशी खरखर वाढे आणि वरचे सूर बोथट होत. ठोका आणि मुखडा मात्र शाबूत राहत. डिस्कोची गाणी अशा प्रवासात तग धरतात; रागदारीतला ख्याल तग धरत नाही.

दुसरा रस्ता मिरवणुकीचा. महाद्वार रोडवरून विसर्जनाला जाणाऱ्या गणपतीपुढे तालमींची आणि मंडळांची हलगी, लेझीम, ढोल-ताशा असतोच. त्यात बेंजोही आला. बेंजोला टाइपरायटरसारखी बटणे असतात. बटण दाबले की ठरलेला सूर वाजतो, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे त्याला अवघड. म्हणून नाट्यपदापेक्षा सुटे, ठाशीव सूर असलेली चाल त्यावर खुलते. छोटे तुकडे, मर्यादित पल्ला, मींड नाही, खाली सरळ ठोका: ‘डिस्को दिवाने’सारख्या चालीत ज्या गोष्टी गवयाला कमी वाटतात, त्याच बेंजोवाल्याला हव्या असतात. नाद खुळा म्हणतात तो अशाच चालींनी होतो. पुढे डॉल्बी आली आणि वाजवणाऱ्यांची जागा यंत्राने घेतली, हे गाण्याच्या दृष्टीने नुकसानच झाले.

या जोडीची पुढची वाटचाल थोडक्यात अशी: ‘स्टार’ (१९८२) या चित्रपटाची गाणी, मग ‘यंग तरंग’ (१९८४), ‘हॉटलाइन’ (१९८७) आणि ‘कॅमेरा कॅमेरा’ (१९९२). ‘यंग तरंग’ कारागिरीत अधिक नेटका आहे. पहिल्या संचातला अल्लडपणा त्यात उरलेला नाही. नाझियाने लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले, काही काळ संयुक्त राष्ट्रसंघात काम केले. फुप्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्येच तिचा मृत्यू झाला. वय अवघे ३५. चित्रपटाबाहेरच्या पॉपला भारतात बाजारपेठ आहे, हे या संचाने दाखवून दिले होते. बिद्दूंनीच पुढे अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’तून (१९९५) ते पुन्हा सिद्ध केले.

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटासाठी विशाल-शेखर यांनी या संचाचे शीर्षकगीत नव्याने बांधले आणि त्यात नाझियाचा मूळ आवाजही वापरला. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये नाचासाठी हीच आवृत्ती सोयीची ठरते. तिच्यात ठेका जड झाला आहे आणि मूळ गाण्यात सुरांच्या मधे जी मोकळी जागा होती ती वाद्यांनी भरून टाकली आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने १९८१ची आवृत्ती आधी ऐकावी.