परिदंतीय अस्थिरोपण

पायरियात दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजते. मुळाच्या कडेला पडलेल्या अशा खड्ड्यात हाडाचे किंवा हाडासारख्या पदार्थाचे कण भरण्याच्या शस्त्रक्रियेला परिदंतीय अस्थिरोपण म्हणतात. हिरडी उघडून मूळ खरवडून स्वच्छ करतात, कण भरतात आणि हिरडीला टाके घालतात.

कण रुग्णाच्याच जबड्यातून घेतात किंवा मानवी दानातून, गुरांच्या हाडातून मिळवतात, कृत्रिमही असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून दानातील हाडे किरणांनी निर्जंतुक करून पुरवते. खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले तरी तेथे नवे हाड धरते, हे अमेरिकी अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले होते. दानातील अशा हाडाच्या वापरामागे तोच आधार आहे. एके काळी कमरेच्या हाडातील ताजा मगजही वापरत, पण त्याने काही दातांची मुळेच विरघळू लागली.

दीर्घकालीन यश मोजताना एक्स-रे फसवतो. गुरांच्या हाडाचे कण वर्षानुवर्षे तसेच राहतात. खड्डा पांढरा दिसला म्हणजे हाड आलेच असे नाही. मूळ, त्याला धरणारे तंतू आणि हाड अशी खरी जोडणी सूक्ष्मदर्शकाखालीच कळते, आणि त्यासाठी कोणी चांगला दात काढून देत नाही. म्हणून खिशाची, म्हणजे हिरडी आणि दात यांमध्ये पडलेल्या फटीची, खोली बारीक सळईने मोजून काम भागवतात, तीही साधारण सहा महिने थांबून.

नुसती हिरडी उघडून साफ करण्यापेक्षा कण भरल्याने खिसा जास्त उथळ होतो, हे तुलनात्मक अभ्यासांतून पुरेसे दिसले आहे. पुढची दहा-वीस वर्षे मात्र कणांच्या जातीपेक्षा खड्ड्याच्या घडणीवर आणि रुग्णावर अवलंबून असतात. तीन बाजूंनी हाडाच्या भिंती असलेला, खोल व अरुंद खड्डा कण धरून ठेवतो. एकाच भिंतीच्या पसरट खड्ड्यात ते टिकत नाहीत. धूम्रपान, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि चुकवलेल्या तपासण्या मिळालेले मिलीमीटर परत घेतात. स्वच्छता न राखणाऱ्यांत शस्त्रक्रियेनंतर आधार आणखी घटतो, हे स्वीडनमध्ये १९७०च्या दशकातच दिसले होते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी सफाई करवून घेणे हा उपचाराचाच भाग धरतात. दाढेच्या मुळांच्या दुबेळक्यातून सळई आरपार जात असेल, तर तेथे कण भरून सहसा काही साधत नाही.