पान्हा कसा फुटतो?

भाची बाळंत होऊन काळाचौकीच्या घरी आली. प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या रात्री अडीच वाजता तिचा फोन आला, "मावशी, मला दूधच नाही गं. बाळ सारखं रडतंय. सासूबाई पावडरचा डबा आणायला सांगतायत." सकाळच्या पहिल्या गाडीनं मी निघाले.

चाळीतली दहा बाय बाराची खोली. सासू, दीर, बाळाला बघायला आलेल्या दोन शेजारणी, दाराशी चपलांचा ढीग. भाची पलंगाच्या कडेला ओणवी होऊन कसंबसं पाजत होती, ओठ घट्ट आवळून. बाळानं तोंड काढलं तेव्हा स्तनाग्राचं टोक नव्या लिपस्टिकसारखं तिरकं, चपटं झालेलं दिसलं आणि कडेला बारीक चीर.

दूध किती ते नंतर बघू म्हटलं, आधी बाळाची पकड चुकलीय. बाळ नुसतं स्तनाग्र चोखत राहिलं की ते टाळूच्या पुढच्या कडक भागावर चेपलं जातं आणि चिरा पडतात. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. मग स्तनाग्र मागच्या मऊ टाळूपर्यंत पोहोचतं आणि दुखत नाही. मी तिच्या पाठीशी दोन उशा लावल्या, जरा मागे रेलून बसवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवलं. बाळाच्या ओठांवरून स्तनाग्र हलकेच फिरवलं की ते मोठा 'आ' करतं. तेवढ्यात बाळाला जवळ ओढायचं. आईनं वाकायचं नाही. हनुवटी स्तनात रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की जमलं. नाही जमलं तर बाळाला ओढून काढू नये. ओठांच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवली की पकड सुटते.

मग मी शेजारणींना चहा घेऊन गॅलरीत बसवलं. त्यालाही कारण होतं.

गाय पान्हा चोरते, असं आपण म्हणतो. अनोळखी हात लागला, कुत्रं भुंकलं, की कास भरलेली असूनही धार लागत नाही. बाईचंही तसंच आहे. दूध तयार करणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन आणि तयार दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन. बाळ चोखू लागलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. कधी बाळाच्या नुसत्या आवाजानंही फुटतो. वेदना, भीती, संकोच असला की अडतो. "तुला दूध नाही" हे दिवसातून चार वेळा ऐकणाऱ्या बाईला पान्हा फुटायचा कसा? असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो, मग ती माणसं कितीही मायेची असोत.

शिवाय तिसऱ्या दिवसापर्यंत धारा लागत नाहीत हे शरीराला धरूनच आहे. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक उतरतं, तेव्हा कुठे दूध भरू लागतं. त्याला दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियन झालं असेल तर कधी थोडे जास्त. तोवर येतो तो चीक, दाट आणि पिवळसर. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभरच, पण बाळाच्या पोटाला तेवढा पुरतो आणि त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. तो पिळून टाकू नये.

दुधाचा हिशोब असा आहे की जेवढं बाहेर निघेल तेवढं नवं बनतं. स्तन भरलेला राहिला की उत्पादन मंदावतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना पावडरची बाटली सुरू केली की बाळ छातीशी कमी चोखतं, आणि दूध खरंच आटत जातं. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं, तेव्हा रात्रीचं पाजणं टाळू नये. दूध पुरतंय का, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू झाली, पहिल्या दिवसांत घटलेलं वजन दोन आठवड्यांत भरून आलं, तर पुरतंय. तसं होत नसेल, किंवा बाळ सुस्त पडून राहत असेल, तर डॉक्टरांकडे जावं. थायरॉइड, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा आत राहिलेला तुकडा, बाळाच्या जिभेखालचा आखूड पट्टा, अशी खरी कारणंही असतात, आणि तेव्हा वरचं दूध देण्यात आईची काही चूक नसते.

चौथ्या दिवशी भाचीची छाती दगडासारखी दाटली. बाळाला धरताही येईना. पाजण्याआधी कोमट फडकं, मग स्तनाग्राभोवती मऊ पडेल इतकंच हातानं पिळायचं आणि पाजून झाल्यावर गार पट्टी. गाठी फोडायच्या म्हणून मालीशवालीकडून जोरात चोळून घेऊ नये, सूज वाढते. एका बाजूला लाल चट्टा, ताप, थंडी वाजणं असं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. पाजणं मात्र बंद करायचं नाही, बहुतेक औषधं पाजताना चालतात.

अळीवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खावेत. पाजणाऱ्या आईला रोज 500 ते 600 कॅलरी जास्त लागतात. बाळाला मात्र मे महिन्याच्या उकाड्यातही पहिले 6 महिने पाणी देऊ नये. आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं.

मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. त्यानंतर लोकल आणि ऑफिस सुरू झालं की दूध काढून ठेवावं लागतं. मुंबईच्या हवेत ते ओट्यावर न ठेवता लगेच फ्रीजमध्ये ठेवावं, आतल्या बाजूला; 4 दिवस टिकतं. परतीच्या प्रवासात बर्फाच्या पिशवीत. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवली की पुरे.

आणि बाळ कमी दिवसांचं, काचेच्या पेटीत आणि आईला दूध उतरत नसेल तर? सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदूध पेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा पेढीत दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवतात, गोठवून ठेवतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून बाळाला देतात. एखादीला गरजेपेक्षा जास्त दूध येत असेल, तर जवळच्या अशा पेढीत चौकशी करावी.