फाइल शेजारीच आहे, मग सापडत काहून नाही?

गेल्या मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचा प्रोग्राम बसवायला गेलो होतो. ट्रक काट्यावर चढला की वजनाचा आकडा सीरियल केबलने कॉम्प्युटरकडे येतो, प्रोग्राम तो वाचतो आणि पावती छापतो. केबिनमधला कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारा, आणि सुरक्षेसाठी त्याला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नव्हतं. धरमपेठेतल्या ऑफिसात महिनाभर सुरळीत चाललेला प्रोग्राम पेनड्राइव्हवरून उतरवला, सुरू केला, आणि पडद्यावर एकच ओळ उमटली: ‘लिबसीरियलपोर्ट डॉट एसओ डॉट झीरो’ उघडता येत नाही, अशी फाइलच नाही.

ती फाइल मी सोबत आणलेली होती. प्रोग्रामच्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ठेवली. पुन्हा तीच ओळ. मागे उभे असलेले काटेवाले काका म्हणाले, ‘‘साहेब, फाइल तं इथंच दिसून राह्यली, मग सापडत काहून नाही म्हणते?’’

प्रश्न अगदी नेमका होता, आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं.

कुठलाही प्रोग्राम सगळी कामं स्वतः करत नाही. सीरियल केबलवरून अक्षरं वाचणं, चित्र उघडणं, फाइल दाबून लहान करणं, अशी नेहमीची कामं इतरांनी आधीच लिहून ठेवलेली असतात. त्या तयार कोडच्या फाइलींना लायब्ररी म्हणतात. विंडोजवर त्यांच्या नावाशेवटी डीएलएल असतं, लिनक्सवर एसओ. प्रोग्रामच्या फाइलीत हा कोड नसतो, फक्त ‘मला अमुक नावाची लायब्ररी लागेल’ अशी चिठ्ठी असते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ती लायब्ररी कधीतरी कुणीतरी बसवलेली असते, म्हणून तिथे काही जाणवत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती नसते, किंवा असली तरी वेगळ्या आवृत्तीची असते. सावजी मसाल्यासारखंच आहे हे. नाव एकच, पण प्रत्येक घरचा वेगळा. दुसऱ्या गावी स्वयंपाकाला निघालेला आचारी म्हणून आपला मसाला सोबत बांधून नेतो.

प्रोग्रामनेही तेच करावं, लागणाऱ्या लायब्रऱ्या सोबत न्याव्यात, हा साधा विचार. आणि ‘सोबत नेणं म्हणजे शेजारी ठेवणं’ हा समज इथेच फसतो. तो समज विंडोजमुळे पडलेला आहे. विंडोज डीएलएल शोधताना साधारणपणे प्रोग्रामचंच फोल्डर आधी बघतं. लिनक्स तसं बघत नाही.

मग ते काय करतं? आपण प्रोग्राम सुरू करतो तेव्हा पहिल्यांदा तो प्रोग्राम धावतच नाही. त्याच्या फाइलीत आणखी एका प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्याला डायनॅमिक लिंकर म्हणतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आधी या लिंकरला उठवतो. लिंकर चिठ्ठी वाचतो. चिठ्ठीवर फक्त नावं असतात, पत्ते नसतात. मग तो ठरलेल्या क्रमाने शोधत निघतो. आधी प्रोग्रामच्या आत कोरलेली जागा, कोरलेली असेल तर. मग वापरणाऱ्याने सांगितलेली जागा. मग सगळ्या बसवलेल्या लायब्रऱ्यांची तयार सूची. शेवटी लिब आणि यूएसआर-लिब ही सिस्टीमची दोन फोल्डरं, सरकारी कोठारं म्हणा. (पहिल्या दोन पायऱ्यांचा क्रम कोरण्याच्या पद्धतीनुसार उलटतो. जुन्या पद्धतीला आरपाथ म्हणतात, नवीला रनपाथ.) या यादीत ‘प्रोग्रामच्या शेजारी’ कुठेही नाही. काकांना फाइल दिसत होती, कारण ते त्या फोल्डरकडे बघत होते. लिंकर तिकडे बघतच नव्हता.

उपाय म्हणजे जागा प्रोग्रामच्या आत कोरायची. पण कोणती? गिऱ्हाईक आपला प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये ठेवेल हे आपल्याला आधी माहीत नसतं. त्यासाठी लिंकरला एक खास शब्द कळतो: डॉलरचं चिन्ह आणि पुढे ओरिजिन. एवढी सात अक्षरं प्रोग्रामच्या पोटात जशीच्या तशी लिहिलेली असतात. सुरू होताना लिंकर त्या शब्दाच्या जागी ‘ही फाइल आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता’ घालतो. म्हणून ‘डॉलर-ओरिजिन, तिरपी रेघ, लिब’ असं कोरलं, की प्रोग्राम कुठेही उचलून ठेवा, तो आपल्या बाजूच्या लिब फोल्डरमध्येच हात घालणार. हा शब्द पहिल्यांदा कळला त्या दिवशी मी पाच वेगवेगळ्या फोल्डरांत प्रोग्राम हलवून बघितला होता. पाचही ठिकाणी चालला.

कोरण्यासाठी पॅचएल्फ नावाचं छोटं हत्यार आहे. त्या दिवशी केबिनमध्ये फाइल लिब फोल्डरमध्ये हलवून मी ते चालवलं, तरी तीच ओळ. पाऊण तास गेला. शेवटी कोरलेली जागा उलट छापून बघितली, तर तिथे नुसतं ‘तिरपी रेघ, लिब’. ओरिजिन गायब! आज्ञा लिहिताना मी तो शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत घातला होता. दुहेरी चिन्हांत डॉलर दिसला की शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, त्या नावाखाली साठवलेली किंमत शोधतो. ओरिजिन नावाची किंमत कुठेच ठेवलेली नव्हती, म्हणून त्याने तिथे रिकामं घातलं. लिंकर सिस्टीमच्याच लिबमध्ये शोधत बसला. एकेरी चिन्हं घातली आणि ट्रकचं वजन पडद्यावर आलं.

आणखी एक बारकावा आहे. नव्या पद्धतीने कोरलेली जागा फक्त त्या फाइलीच्या स्वतःच्या चिठ्ठीला लागू होते. सोबत नेलेल्या लायब्ररीला तिची स्वतःची लायब्ररी लागत असेल, तर तिच्या पोटातही ओरिजिन वेगळं कोरावं लागतं. प्रोग्राम आणि लायब्रऱ्या एकत्र बांधलेले पुष्कळ गठ्ठे इथेच अडतात.

सगळंच मात्र सोबत नेता येत नाही. लिनक्सवर जवळजवळ प्रत्येक गोष्टीला लागणारी सी-लायब्ररी, ग्लिबसी, ही लिंकरशी जोडलेली असते, आणि लिंकरचा पत्ता पूर्ण लिहावा लागतो, तिथे ओरिजिन चालत नाही. सुदैवाने ग्लिबसी जुन्याला विसरत नाही. मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं ‘मेमसीपीवाय’ हे फंक्शन नेहमीच्या चौसष्ट बिटांच्या ग्लिबसीत दोनदा आहे, एक जुन्या खुणेचं आणि एक २.१४ या खुणेचं (खूण म्हणजे आवृत्तीचा आकडा). जुना प्रोग्राम जुनं मागतो, त्याला जुनंच मिळतं. उलटं मात्र होत नाही. नव्या मशीनवर बांधलेला, म्हणजे कोडपासून तयार केलेला, प्रोग्राम २.३४ ची खूण मागू लागला, तर ग्लिबसी २.३१ असलेल्या उबंटू २०.०४ या लिनक्सवर तो उठणारच नाही. म्हणून गिऱ्हाइकांपैकी ज्याचं मशीन सर्वांत जुनं, तितक्या जुन्या सिस्टीमवर प्रोग्राम बांधायचा.

पायथनमध्ये काम सोपं आहे. लागणारी पॅकेजं इंटरनेट असलेल्या जागी आधी उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवायची आणि बसवताना पिपला, म्हणजे पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाला, ‘बाहेर बघू नको, इथूनच घे’ असं सांगायचं.

‘इंटरनेट असेल तर एवढा खटाटोप कशाला?’ असं विचारतात. २२ मार्च २०१६ रोजी लेफ्टपॅड नावाचं जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने नावाच्या एका वादातून एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतलं. त्यात कोडच्या ११ ओळी होत्या. काम काय, तर आकड्याच्या किंवा मजकुराच्या डावीकडे शून्यं किंवा मोकळ्या जागा भरणं. आमच्या पावतीवर ४५० ऐवजी ०००४५० छापतो, तेच. पण बेबेलसारखी मोठी साधनं त्यावर टेकलेली होती, आणि जगभर प्रोग्राम बांधणं अडलं. सुमारे अडीच तासांनी पॅकेज परत ठेवलं गेलं. ज्यांनी आपली प्रत सोबत ठेवली होती, त्यांना यातलं काहीच जाणवलं नाही.

पण सोबत नेलेल्याची काळजीही आपल्यालाच घ्यावी लागते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीत अतिशय घातक भोक सापडलं. जावाचे प्रोग्राम आपल्या लायब्रऱ्या जार नावाच्या गठ्ठ्यात भरून नेतात, कधी जारच्या आतल्या जारमध्ये. दुरुस्त प्रत लवकर आली, पण आपल्याकडे जुनी प्रत कुठे कुठे दडली आहे हे शोधण्यातच लोकांचे आठवडे गेले. सिस्टीमची एकच सामाईक प्रत असती तर ती एकदा बदलली की झालं असतं. डेबियन या लिनक्सचे लोक गठ्ठ्यातल्या प्रतींना विरोध करतात तो याचसाठी, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. हल्ली ‘कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बंद केलेला डबा) वापरा, सगळं सुटेल’ असं सांगितलं जातं. कंटेनर चांगलाच आहे, पण तोही मोठा गठ्ठाच, आतली लायब्ररी जुनी झाली की तीही आपल्यालाच बदलावी लागते.

त्या केबिनमधल्या कॉम्प्युटरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधलेली होती, आणि अमावस्येला नवीन काही बसवू नका असं मला एकाने कळकळीने सांगितलं होतं. माझं म्हणणं तितकंच कळकळीचं आहे: कॉम्प्युटरने काय सापडत नाही ते पहिल्याच ओळीत नावानिशी सांगितलं होतं. ती ओळ अमावस्येलाही तीच असते आणि पौर्णिमेलाही.

आता आमच्या प्रत्येक गठ्ठ्यात एक साधी मजकुराची फाइल असते. आतल्या प्रत्येक लायब्ररीचं नाव, आवृत्ती, कुठून आणली ती जागा आणि तिचा शा-२५६ ठसा. एक अक्षर बदललं तरी हा ठसा बदलतो. काकांनी तिची एक छापील प्रत मागून घेतली आणि काट्याच्या रजिस्टरमध्ये, पहिल्या पानाला पिन लावून ठेवली.