पूररेषेखालचा किल्ला

अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांनी टेनेसी नदीच्या काठी फोर्ट हेन्री हा मातीचा किल्ला उभारला. तोफखान्याचा अधिकारी जेसी टेलर तिथे रुजू झाला, तेव्हा काठावरच्या झाडांच्या बुंध्यांवर त्याला जुन्या पुरांच्या खुणा दिसल्या. त्या खुणांच्या हिशेबाने, नेहमीचा पूर आला तरी किल्ल्यातली सर्वांत उंच जागा दोन फूट पाण्यात जाणार होती. त्याने वर कळवले, पण किल्ला काही हलला नाही.

तो पूर यायचा फेब्रुवारीत. सावन-भादव्याच्या पुरांची सवय असलेल्या आपल्याला हे नवल वाटेल. टेनेसीच्या खोऱ्यात पाऊस वर्षभर पडतो. हिवाळ्यात झाडे निष्पर्ण आणि ऊन मंद, त्यामुळे जमिनीतले पाणी फारसे उडून जात नाही. भिजून तट्ट झालेली माती पुढचा पाऊस पीत नाही. तो थेट नदीत उतरतो.

६ फेब्रुवारी १८६२ रोजी उत्तरेचा आरमारी अधिकारी अँड्र्यू फूट सात तोफनौका घेऊन आला, त्यांतल्या चार चिलखती. पात्रात पाणसुरुंग पेरलेले होते. पाणसुरुंग दोराने तळाला बांधलेला असतो. पाणी चढले तरी दोर तेवढाच, त्यामुळे सुरुंग खोलच राहतो आणि नौकेचा तळ वरून निघून जातो. शिवाय प्रवाहाच्या ओढीने काही सुरुंग उपटले गेले, काहींची दारू भिजली.

पुराने नौकाही उचलल्या होत्या. किल्ल्याच्या तोफा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर, त्यामुळे त्यांचे गोळे समोरून, नौकांच्या तिरक्या आणि सर्वांत जाड लोखंडी पत्र्यावर आदळत. तिरक्या पत्र्यावरून गोळा निसटतो. नौकांचे दुबळे अंग म्हणजे वरचे डेक, आणि तिथे मारा करायला तोफ उंचावर हवी. आठवड्याने, १४ फेब्रुवारीला, कंबरलँड नदीवरच्या फोर्ट डोनेल्सनच्या उंच तोफांनी याच फूटच्या नौका परतवल्या.

हेन्रीच्या एका गोळ्याने मात्र भीषण काम केले. तो ‘एसेक्स’ नौकेच्या बॉयलरमध्ये घुसला. दाबाखालचे पाणी शंभर अंशांहून कितीतरी तापलेले असते. दाब सुटताच त्यातले बरेचसे क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा लागते. त्वचेवर तिचे पुन्हा पाणी होताना, वाफ होण्यासाठी घेतलेली सारी सुप्त उष्णता ती तिथेच सोडते, म्हणून वाफेचे भाजणे उकळत्या पाण्याहून वाईट. ३२ जण त्या नौकेवर मेले, होरपळले किंवा बेपत्ता झाले.

किल्ल्यात तेव्हा शंभराहून कमी माणसे उरली होती. बाकीची सेनापती लॉइड टिल्घमनने आधीच डोनेल्सनकडे धाडली होती. एक लांब पल्ल्याची तोफ फुटली, दुसरीच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रात, सळई मोडून अडकली. सव्वा तासात निशाण उतरले. उत्तरेचा सेनापती ग्रँट याचे पायदळ अजून चिखलातच रुतलेले होते. शरणागती घ्यायला आलेली होडी थेट दरवाजातून आत वल्हवत नेली.

१९४४ मध्ये केंटकी धरण पूर्ण झाले आणि फोर्ट हेन्रीची जागा कायमची जलाशयात गेली. समोरच्या टेकडीवर, अर्धवट राहिलेल्या फोर्ट हायमनचे मातीचे तट आजही कोरडे आहेत.